फर्स्ट कॉपी स्नीकर्स आतून नेमके कसे असतात?

उलटा टाका (धागाकर्ता)

बुटांच्या जुन्या धाग्यावर 'रेप्लिका घ्याव्यात की नाही' यावरून गाडी पार घसरली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. घ्यावं की घेऊ नये हा विषय इथे नको. माल काय असतो, शिलाई कशी असते, सोल कसा बसवतात, एवढंच बोलू. मी पादत्राणांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. बूट कापणं, ओढणं, वाकवणं, घासणं हेच दिवसभर चालतं. त्यामुळे नवा बूट कसा दिसतो यात मला फारसा रस उरलेला नाही.

दोन टोकांची मतं नेहमी ऐकू येतात. एक, "नकली म्हणजे रद्दी, चार दिवसांत फाटणार." दुसरं, "अहो, त्याच कारखान्यात बनतात, रात्रपाळीला." पहिलं आता सरसकट खरं राहिलेलं नाही. दुसरी विकणाऱ्यांची आवडती थाप आहे. चीनच्या फुजियान प्रांतातलं पुतियान शहर या धंद्याचं मोठं केंद्र. १९८० च्या दशकापासून तिथे परदेशी ब्रँडांसाठी कंत्राटावर स्पोर्ट्स शूज बनत आले. त्यातून कारागीर, यंत्रं, सोल आणि कापड पुरवणारे असं सगळं आजूबाजूला उभं राहिलं, आणि नकला करणाऱ्यांना ते आयतं मिळालं. कारागिरांचा हात तयार आहे हे मान्य. पण मालाची खरेदी, साचे आणि तपासणी यांचा मूळ ब्रँडशी काही संबंध नसतो. त्यातून डिझायनर स्नीकर्सपैकी बरेचसे इटलीत जोडले जातात. लुई व्हिटॉनचा बुटांचा कारखाना २००९ पासून व्हेनिसजवळच्या फिएसो दार्तिको गावात आहे. तिथली रात्रपाळी पुतियानमध्ये कशी काय भरते बुवा?

आता चामडं. साध्या पांढऱ्या डिझायनर स्नीकरची सगळी मदार त्याच्यावर. कातड्याचा वरचा थर सर्वांत घट्ट असतो. तो न घासता ठेवला तर फुल-ग्रेन. घासून, रंगाचा जाड थर देऊन वर छापील दाणा उठवला तर करेक्टेड ग्रेन. खालचा सैल तंतूंचा थर वेगळा काढला की स्प्लिट. या स्प्लिटवर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवला की त्यालाही 'जेन्युइन लेदर' म्हणून खपवता येतं, कारण आत चामडं आहेच! महागड्या रेप्लिकांत 'अस्सल चामडं' असा दावा असतो तिथे बहुतेक वेळा हेच निघतं. स्वस्तातल्या तर सरळ रेग्झिनच्या.

नाडीच्या भोकांच्या पट्टीचा तुकडा धारदार पात्याने सरळ कापा आणि दहापट भिंगातून त्याची कड बघा. फुल-ग्रेनमध्ये तंतू वर दाट आणि खाली हळूहळू सैल होत जातात, मध्ये कुठे रेघ दिसत नाही, रंगाचा थर जेमतेम केसाएवढा. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं असेल तर गाभा निळसर करडा. कोटेड स्प्लिटमध्ये वर प्लास्टिकचा सलग पांढरा पट्टा, त्याखाली एकदम सैल तंतू आणि दोन्हींच्या मध्ये आखल्यासारखी रेघ. कोपरा नखात धरून ओढला तर पट्टा सोलून हातात येतो. रेग्झिनमध्ये पट्ट्याखाली बारीक बुडबुड्यांचा फेस आणि तळाला कापड.

युरोपीय संघात यासाठी नियम आहे. वरचा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला, पण एकूण जाडीच्या एक तृतीयांशाच्या आत राहिला, की ते नुसतं 'चामडं' राहत नाही, 'कोटेड लेदर' म्हणून दाखवावं लागतं. लेबलवर चिन्हंही ठरलेली आहेत: कातड्याची आकृती म्हणजे चामडं, तिच्या आत पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे कोटेड लेदर, विणीची जाळी म्हणजे कापड, नुसती चौकट म्हणजे इतर काहीही. रेप्लिकांत हे लेबल जसंच्या तसं छापलेलं असतं. वर कातड्याची आकृती, आत रेग्झिन.

---

पायपीट्या

वाचतोय. भारी धागा. पण एक शंका. आतला माल इतका वेगळा असेल तर भलेभले का फसतात? फोटो बघून अस्सल-नकली सांगणारे लोक आहेत, तेही चुकतात.

---

नखशिखांत

+१. आणि फक्त हौशी लोक चुकतात असं नाही. स्टॉकएक्स ही अस्सलपणाची तपासणी करून विकणारी कंपनी. नाइकेने तिच्यावर खटला भरला आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ३७ बनावट जोड विकल्याबद्दल तिला जबाबदार धरलं. प्रशिक्षित माणसं हातात बूट घेऊन बघत होती, तरी!

---

उलटा टाका

@पायपीट्या, याचं उत्तर प्रश्नातच आहे: फोटो.

रेप्लिकांच्या दुनियेत माल पाठवण्याआधी गिऱ्हाइकाला त्याच्याच जोडाचे फोटो दाखवायची पद्धत आहे. क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) फोटो म्हणतात त्याला. मग ते फोटो घेऊन मंडळी बसतात. टो-बॉक्स (बोटांवरचा भाग) फुगीर आहे, ब्रँडची खूण दोन मिलिमीटर खाली आहे, टाचेवरची अक्षरं जाड आहेत, मागून बूट कमरेत पुरेसा बारीक दिसत नाही. या तक्रारी बनवणारेही वाचतात आणि पुढच्या बॅचमध्ये दुरुस्त करतात. वर्षानुवर्षं फुकटात चाललेली तपासणीच आहे ही. परिणाम असा, की फोटोत दिसतं ते सगळं सुधारत गेलं. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल कुणी तक्रारच केली नाही, त्यामुळे पैसे तिथेच वाचवले जातात. टाचेतला हील काउंटर, अस्तरामागचा फोम, इनसोलखालचा (पावलाखालच्या आतल्या गादीखालचा) बोर्ड, चिकट आणि ते नीट धरावं म्हणून त्याआधी लावायचा प्रायमर.

हील काउंटर म्हणजे टाचेला धरून ठेवणारी आतली ताठ वाटी. चांगल्या बुटात ती थर्मोप्लास्टिकची किंवा लेदरबोर्डची (चामड्याचे तंतू दाबून केलेल्या फळीची) असते, गरम करून टाचेच्या आकारात बसवलेली. रेप्लिकात बऱ्याचदा पुठ्ठ्याच्या जातीचं काहीतरी असतं. सुरुवातीला दोन्ही सारख्याच ताठ लागतात. घामाने ओल धरली की पुठ्ठा मऊ पडतो, मग टाच आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कलते. हे कुठल्या फोटोत दिसणार?

---

चपखल

रोचक. कुणाला विश्वासू विक्रेता माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.

---

संपादक मंडळ

विक्रेत्यांची माहिती इथे मागू किंवा देऊ नये. धागा साहित्य आणि कारागिरीपुरताच ठेवावा.

---

भुईनळा

मी साचे बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. सोलबद्दल लिहितो, कारण नक्कल करायला सर्वांत अवघड आणि सर्वांत खर्चिक तोच भाग. वरचं चामडं पॅटर्न उलगडून कापता येतं. बूट टाके उसवून सुटा केला, तुकडे स्कॅन केले की कागदावर नमुना तयार. सोलला साचा लागतो, तोही प्रत्येक मापाचा वेगळा. स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा साचा कोरून घ्यायचा तर तो खर्च हजारो जोडांवर पसरावा लागतो.

आता गंमत बघा. रबर साच्यात तापवून पक्कं केलं की थंड होताना आकसतं, साधारण दीड-दोन टक्के. मूळ ब्रँड साचा कोरतानाच तेवढा मोठा कोरतो. नकलाकाराकडे मूळ रेखाटन नसतं, त्याच्या हातात असतो आधीच आकसलेला सोल. त्यावरून सरळ ठसा घेऊन साचा केला तर नवा सोल आणखी आकसतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं होतं: माप किंचित लहान आणि तळाच्या नक्षीच्या कडा गोलावलेल्या. चांगले नकलाकार म्हणून ठसा घेत नाहीत. स्कॅन करतात, आकस मोजून आकृती मोठी करतात, मग कोरतात. हल्लीच्या वरच्या दर्जाच्या रेप्लिकांत रबरी सोल डोळ्याने ओळखू येत नाही तो यामुळे.

फोमचं गणित त्याच्या उलट, आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. इव्हीए (सोलच्या फोमचं प्लास्टिक) साच्यात इंजेक्ट केला की साचा उघडताक्षणी फुगून बाहेर उसळतो. साच्यापेक्षा दीडपट मोठा होतो म्हणा ना. किती फुगेल ते मिश्रणावर अवलंबून: फोम करणारं रसायन किती, रेणूंमध्ये आडवे बंध जोडणारं किती, तापमान किती, वेळ किती. म्हणजे नुसता साचा बरोबर असून भागत नाही, मिश्रण आणि साचा एकमेकांसाठी बनलेले असावे लागतात. नकलाकाराला बाहेरचं माप बरोबर हवं असतं, कारण बघणारे तेच मोजतात. त्याचं स्वतःचं मिश्रण वेगळं, म्हणून तो साचा त्याप्रमाणे जुळवून घेतो. शेवटी माप तंतोतंत येतं आणि घनता भलतीच. हातात घेतला की सोल एकतर उगाच हलका लागतो नाहीतर दगडासारखा.

---

पायपीट्या

@भुईनळा, दंडवत स्वीकारा. हलका असेल तर वाईट का पण? हलका बूट बराच की.

---

भुईनळा

हलका म्हणजे त्यात हवा जास्त आणि माल कमी. दाबला की फोममधल्या बुडबुड्यांच्या भिंती मोडतात आणि परत उठत नाहीत. काही महिन्यांत टाचेखाली फोम बसतो, बाजूने आडव्या सुरकुत्या दिसायला लागतात. चांगला हलका फोमही असतो, पण तो महाग मिश्रणाने हलका केलेला असतो. फोमच्या मऊपणासाठी अ‍ॅस्कर सी नावाचा मापक वापरतात. नव्या बुटावर दोघांचा आकडा सारखा येऊ शकतो. बसकण मोजायची तर तो दाबून, तापवून, तसाच ठेवून मग परत मोजावा लागतो.

---

सावळागोंधळ

आदिदासच्या बूस्ट या सोलच्या फोमबद्दल कुणी सांगेल का? 'रिअल बूस्ट' असं लिहून विकतात रेप्लिकावाले. खरंच तोच माल असतो?

---

भुईनळा

बूस्ट आला २०१३ मध्ये. माल बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीचा, इन्फिनर्जी नावाचा. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचे (टीपीयू) दाणे आधी फुगवतात, मग ते साच्यात भरून वाफेने एकमेकांना चिकटवतात. म्हणून त्या सोलवर दाण्यांच्या सीमा दिसतात. सुरुवातीच्या नकलांमध्ये साध्या इव्हीएवर दाण्यांचं नक्षीकाम उठवलेलं असायचं. ते लगेच कळायचं, कारण एकाच साच्यातल्या प्रत्येक बुटावर दाणे त्याच जागी. खऱ्यात दाणे ओततात तसे पडतात, त्यामुळे डावा-उजवाही सारखा नसतो.

नंतर फुगवलेले टीपीयू दाणे इतर पुरवठादारही बनवायला लागले. तेव्हा 'रिअल बूस्ट' म्हणजे त्या जातीचा माल, असं फार तर म्हणता येईल. फरक वाफेच्या टप्प्यात पडतो. वाफ कमी पडली तर दाणे नीट जुळत नाहीत, कडेला अंगठ्याने घासलं की सुटे होतात. जास्त झाली तर दाणे वितळून पृष्ठभाग गुळगुळीत आणि कडक होतो.

---

खरखरीत

सगळं ठीक आहे, पण इथे सगळे जण मूळ बूट म्हणजे कारागिरीचा कळस असं धरून बोलताहेत. माझं मत सरळ आहे: डिझायनर स्नीकरमध्ये तुम्ही नावाचे पैसे देता. बालेन्सियागा या डिझायनर ब्रँडचा ट्रिपल एस बूट २०१७ मध्ये इटलीचा म्हणून आला, २०१८ च्या सुरुवातीला उत्पादन चीनला गेलं. बूट तोच. किंमत काही उतरली नाही. गोल्डन गूज हा ब्रँड तर नवा बूट घासून-मळवून विकतात आणि लोक रांगा लावतात. मग नकलाकाराने काय वाईट केलं?

---

उलटा टाका

@खरखरीत, अर्ध्याशी सहमत. नावाचे पैसे असतात, भरपूर असतात. 'मेड इन इटली' या शिक्क्यावरही डोळे झाकून जाऊ नये. अप्पर (सोल सोडून बुटाचा वरचा भाग) दुसऱ्या देशात शिवून आणून इटलीत सोल जोडल्याची उदाहरणं आहेत. आणि 'चीनमध्ये बनला म्हणून वाईट' हे तर मी कधीच म्हणणार नाही. उत्तम बूट तिथे बनतात. ट्रिपल एसचंच घ्या. धावण्याच्या, बास्केटबॉलच्या आणि ट्रॅकच्या बुटांचे सोल एकावर एक रचल्यासारखा तो आकार, इतके थर एका रेषेत जोडणं हे स्पोर्ट्स शूजवाल्यांचं काम आहे. उत्पादन चीनला हलवण्यामागे तांत्रिक कारण असू शकतं हे मला पटतं. किंमत न उतरण्यामागचं तांत्रिक कारण मात्र मला माहीत नाही. (हलके घ्या.)

पण तुमच्या शेवटच्या प्रश्नावर असहमत. मूळ बूट अवाच्या सवा महाग आहे, यावरून नकली बूट चांगला बनलाय असं सिद्ध होत नाही. हे दोन वेगळे हिशोब आहेत.

गोल्डन गूजचा विषय काढलात ते बरं केलंत. मळवलेला बूट नकलाकाराला सोपा वाटेल, पण तोच फसतो. मूळ बुटात घासण्याचं काम हाताने होतं. ज्या जागी खरंच झीज होते तिथे चामडं घासतात आणि आतलं चामडं रंगलेलं असल्यामुळे घासलेला भाग मऊ, लवदार दिसतो. रेप्लिकात वर पॉलियुरेथेनचा पापुद्रा असेल तर घासल्यावर खालचे सैल तंतू किंवा पांढरा फेस उघडा पडतो. म्हणून ते घासायचं टाळतात आणि करड्या रंगाचा फवारा मारतात. ओल्या फडक्याने पुसलं की 'मळ' निघून जातो. नकली बूट जास्त स्वच्छ होतो, ही त्याची गोची!

---

टाचणी

मी स्नीकर्स दुरुस्तीचं आणि रंगकाम करण्याचं काम करते. माझ्याकडे खरे-खोटे दोन्ही येतात, लोक सांगतातच असं नाही. मला कळतं ते सोल सोडवताना.

कॉमन प्रोजेक्ट्स या ब्रँडसारखा साधा पांढरा बूट घ्या. ही कपसोलची रचना. रबराचा कठडा असलेला तळ, त्यात अप्पर बसवतात, चिकटवतात आणि वर कठड्यातून आरपार टाका घालतात. इनसोल उचलून आत बघितलं तर कडेकडेने दोऱ्याची अखंड ओळ दिसते. कितीतरी रेप्लिकांत बाहेर कठड्यावर टाके दिसतात, आत मात्र काहीच नाही. टाका नुसता रबराच्या ओठातून फिरवलेला, किंवा टाक्यांचा आकारच साच्यात उठवलेला. म्हणजे सोल धरून ठेवण्याचं सगळं काम एकट्या चिकटावर.

आणि चिकट ही नुसती बाटली उघडून लावायची गोष्ट नाही. रबर आधी घासावं लागतं, त्यावर साच्याचं तेलकट राहिलेलं असतं ते काढावं लागतं, मग रबराला हॅलोजन प्रायमर, इव्हीएला वेगळा अतिनील दिव्याखाली पक्का होणारा प्रायमर. तो वाळायला वेळ द्यायचा. मग पॉलियुरेथेनचं चिकट, तेही वाळवून, साठ-सत्तर अंशांवर जागं करून, दाबाखाली जोडायचं. घाईत यातला एखादा टप्पा गेला तरी बूट त्या दिवशी मस्त चिकटलेला दिसतो. उघडतो तो पुढच्या बाजूला, बोटांपाशी पाय दुमडतो तिथे. सोल सुटल्यावर मी चिकटाचा थर कुठे राहिलाय ते बघते. फाटताना फोमचे किंवा चामड्याचे तंतू सोबत आले असतील तर जोड पक्का होता. चिकटाचा चकचकीत पापुद्रा एकाच बाजूला राहून दुसरी बाजू कोरी असेल तर तिथे प्रायमर नव्हताच.

कॉमन प्रोजेक्ट्सवरून आठवलं, टाचेवरचे सोनेरी आकडे पुसले गेले म्हणजे बूट नकली असं नसतं. फॉइलचा छाप आहे तो, अस्सल बुटावरूनही जातो. लोक उगाच घाबरून विचारत येतात.

---

नखशिखांत

टाचणी, खूप छान माहिती. रंगाबद्दलही लिहा ना. रेप्लिका रंगवायला घेतली तर काय होतं?

---

टाचणी

रंग देण्याआधी वरचं फिनिश अ‍ॅसिटोनने किंवा त्यासाठीच्या द्रावणाने उतरवतात. खऱ्या चामड्यात फिनिश उतरतं आणि खाली चामडं लागतं, रंग आत धरतो. पॉलियुरेथेनचा जाड पापुद्रा अ‍ॅसिटोनने चिकट होतो, फुगतो, कधी सुरकुततो. त्यामुळे मी आधी जिभेच्या आतल्या कडेला कापसाच्या बोळ्याने छोटीशी चाचणी घेते. पापुद्रा निघाला तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते, रंग टिकणार नाही. पोपडे निघायला लागले की त्यावर उपाय नाही.

सुएडचं (लवदार, मखमली चामड्याचं) मात्र वेगळं. नकली सुएड अनेकदा खरंच सुएड असतं, कारण ते स्प्लिटचंच बनतं आणि स्प्लिट मुबलक मिळतं. रंग कच्चा असतो एवढंच. पांढऱ्या फडक्याने कोरडं घासलं तरी फडकं रंगतं, मोजेही रंगतात.

---

सावळागोंधळ

मोज्यांवरून आठवलं. त्वचेला काही अपाय? रेप्लिकांचा तो उग्र वास येतो तो नक्की कशाचा?

---

उलटा टाका

वास बहुधा द्रावकाच्या चिकटाचा. मोठे कारखाने बऱ्याच अंशी पाण्यावर आधारलेल्या चिकटाकडे वळलेत, त्याला वास कमी. पण वासावरून अस्सल-नकली ठरवू नका. बंद खोक्यातून काढलेला नवा अस्सल बूटही वास मारू शकतो.

अपायाचा मुद्दा मात्र गंभीर आहे. क्रोमने कमावलेल्या चामड्यात काम नीट झालं नाही, चरबी चुकीची वापरली किंवा उष्णता जास्त लागली, तर क्रोमियम सहा हे क्रोमियमचं घातक रूप तयार होऊ शकतं. त्याने त्वचेची अ‍ॅलर्जी होते. युरोपीय संघात मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत ते किलोला ३ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेटवरही मर्यादा आहेत. ब्रँडच्या मालाला या चाचण्यांतून जावं लागतं, नकली मालाची चाचणी करतो कोण? अमेरिकन अ‍ॅपरल अँड फुटवेअर असोसिएशनने २०२२ मध्ये ४७ बनावट वस्तू तपासून घेतल्या, बूट, कपडे, इतर सामान मिळून. त्यातल्या १७ सुरक्षिततेच्या निकषांत नापास झाल्या. आर्सेनिक, कॅडमियम, शिसं, थॅलेट असं बरंच काही निघालं. संघटना ब्रँडांची आहे हे लक्षात ठेवूनच आकडा वाचावा, पण मला तो अविश्वसनीय वाटत नाही.

---

खरखरीत

मग उरलेल्या ३० पास झाल्या की!

---

टाचणी

पायात कुठली आली ते कळणार कसं, सांगा.

---

चपखल

विणलेल्या अप्परचं काय? चामड्याची भानगडच नाही तिथे, मग नक्कल सोपी असेल.

---

उलटा टाका

सोपी वाटते. बालेन्सियागाच्या स्पीडसारखा मोज्यासारखा बूट किंवा नाइकेचं २०१२ चं फ्लायनिट, ही विणकामाच्या यंत्रावर संगणकाने विणलेली कापडं. यंत्रं विकत मिळतात, नकलाकारांकडेही आहेत. नमुना भिंगाखाली मोजता येतो. उरतो तो धागा. कुठे ताणणारा, कुठे न ताणणारा, कुठे उष्णतेने वितळून शेजारच्या धाग्यांना बांधून ठेवणारा. पाय जिथे बाजूला सरकायला बघतो तिथे हा वितळणारा धागा आधार देतो. रेप्लिकात तो बऱ्याचदा गाळलेला असतो किंवा सगळीकडे एकच धागा असतो. घोट्याची कड काही दिवसांत ढिली पडते आणि वळताना पाय सोलच्या कडेवरून बाहेर येतो. नुसतं उभं राहून फोटो काढायचा तर काहीच फरक जाणवणार नाही.

---

पायपीट्या

शेवटचा प्रश्न. समजा जुना, वापरलेला जोड समोर आहे, कापायची परवानगी नाही, अ‍ॅसिटोन नाही. आतला माल कसा जोखायचा? अस्सल-नकली सोडा, चांगला की वाईट एवढंच.

---

उलटा टाका

वापरलेला असेल तर उलट सोपं, झीज स्वतःच बोलते. बोटांपाशी पडलेल्या सुरकुत्या बघा. चांगल्या चामड्यात त्या बारीक आणि पुष्कळ असतात, बूट सरळ केला की बऱ्याचशा मिटतात. करेक्टेड ग्रेनमध्ये मोजक्याच, जाड. पापुद्रा असेल तर सुरकुतीच्या तळाशी तडा, आणि तड्यातून वेगळा रंग डोकावतो. आम्ही प्रयोगशाळेत हेच फ्लेक्सोमीटरवर करतो, चामड्याचा तुकडा दुमडून हजारो वेळा वाकवायचा.

टाच दोन बोटांत धरून वरच्या कडेपाशी दाबा, मग मधोमध दाबा. वरची कड थोडी मऊ आणि मधला भाग ताठ हवा. सगळंच पिचपिचीत लागलं तर काउंटर गेलेला आहे. बूट सपाट जागी ठेवून मागून बघा, टाचेची मधली शिवण उभी आहे की कलली आहे. इनसोल निघत असेल तर काढून खालचे टाके बघा. अप्पर खालच्या कापडाला कडेने सलग शिवलेलं असेल तर ती स्ट्रोबेल रचना, टाके सारख्या अंतरावर हवेत. काही नकलांत इनसोल आत इतका चिकटवलेला असतो की निघतच नाही, तिथे मला उगाच संशय येतो.

---

नखशिखांत

आणि न वापरता वर्षानुवर्षं खोक्यात ठेवलेला जोड? एका ओळखीच्याचा पायात घातल्या घातल्या सोल अक्षरशः भुगा झाला. अस्सल होता म्हणे, बिल होतं.

---

भुईनळा

बिल खरं असेल, भुगाही खरा. पॉलियुरेथेनचा मिडसोल (सोलमधला उशीसारखा थर) असणार. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातं. न वापरता बंद ठेवलेला बूटही त्यातून वाचत नाही. पॉलिइथर जातीचं ओलाव्याला जास्त टिकतं. इव्हीएला हा रोग नाही, तो आकसतो आणि कडक होतो, पण भुगा होत नाही. त्यामुळे कधीकधी असं होतं, की अस्सल बुटाचा पॉलियुरेथेन सोल जातो आणि इव्हीए घालून पैसे वाचवलेली नक्कल धडधाकट राहते.

---

खरखरीत

हेच तर मी सांगत होतो!

---

उलटा टाका

@खरखरीत, भुईनळांनी 'कधीकधी' लिहिलंय, तेवढं वाचा. :)

@नखशिखांत, ओळखीच्यांना सांगा, दुसरा जोडही तसाच ठेवला असेल तर आधी सोलच्या बाजूला अंगठा दाबून बघा. खळगा पडून तसाच राहिला किंवा पृष्ठभाग चिकट लागला तर घालून बाहेर पडू नका. वरचं चामडं चांगलं असेल तर टाचणींसारख्या कुणाकडून नवा सोल बसवून घेता येईल.

---

टाचणी

येतो बसवता. फक्त जुना भुगा चिकटासकट पूर्ण खरवडून काढावा लागतो, त्यातच अर्धा वेळ जातो. आणि त्याच मापाचा कपसोल आधी मिळवून ठेवा, मग बूट माझ्यासारख्याच्या हातात द्या.